ड्रायव्हर

चोडणच्या धक्क्यावर फेरीबोट लागते,
तिथून तिसरं दुकान माझं.
झेरॉक्स, फोटो, फॉर्म, लॅमिनेशन,
आणि नोव्हेंबरात हयातीचे दाखले.

सत्यवतीमावशी खुर्चीत अवघडून बसलीय,
उजवा अंगठा जरा वर धरून,
जणू शाई अजून ओली आहे.
स्क्रीनवर खिडकी म्हणते:
उपकरण सापडले नाही.
कृपया योग्य ड्रायव्हर बसवा.

मी मोठ्याने वाचलं, ही चूक माझीच.
"असू दे गे बाय," मावशी म्हणाली, "मला घाई नाही.
पलीकडे असेल तो. बाराच्या फेरीने येईल."

कृपया.
कुणाला ही कृपया?
मावशीला, जिला फक्त आपण अजून जिवंत आहोत
एवढंच सांगायचंय?
की मला, जिचं बी.कॉम. दोनदा अडकलं?
यंत्र कुठलं, ते प्रोग्रामला ठाऊक.
त्याच्या पाठीवरचा नंबर त्याला वाचता येतो.
तरी उभा राहतो मामलेदार कचेरीतल्या शिपायासारखा:
साहेब आत नाहीत.
कुठल्या गावी गेलेत, ते सांगत नाही.

मी शोधते. बत्तीसचा की चौसष्टचा,
जुना की नवा, झिप उघडा, उजवं बटण दाबा,
संगणक बंद करा, चालू करा.
चालू करताना वीज गेली.

दारात मिंगेल, हातात घरपट्टीची पावती.
चाळीस वर्षं बोटीच्या पोटात
इंजिनाला तेल पाजून परतलेला तारवटी.
"पॅसेंजर वर डेकवर नाचायचे," तो म्हणाला,
"खाली मी आहे, हे एकालाही माहीत नव्हतं.
तसंच पाहिजे.
तिकीट काढलेल्या माणसाच्या हातात
पाना देतात काय कोण?"

पटलं.
पण मला चवथीआधीचे चार दिवस आठवले.
बिलाच्या एका नव्या प्रोग्रामने तेव्हा
न विचारता, सगळं मीच बघतो म्हणत
स्वतःचा ड्रायव्हर आणून बसवला,
आणि माझा प्रिंटर मुका झाला.
नाटकाची हँडबिलं पणजीहून छापून आणली,
फेरीत अर्धी भिजली.
नायिकेचं नाव तेवढं पुसलं गेलं,
ती अजून माझ्याशी बोलत नाही.

हे ऐकून मिंगेल गप्प झाला.
मग, बऱ्याच वेळाने:
"एकदा एडनच्या पुढे इंजिन बंद पडलं.
झाकण कंपनीनेच सील केलेलं,
आमच्यासारख्यांनी हात घालू नये म्हणून.
अकरा तास तरंगलो.
शेवटी कप्तानच कुऱ्हाड घेऊन खाली आला."
आणि कुठल्या बाजूने बोलतोय ते विसरल्यासारखा
पावती उलटसुलट करत राहिला.

वीज आली.
तू बसव, मी मनात प्रोग्रामला म्हणते,
तुझंच काम आहे ते. पण विचारून.
दुसऱ्याचं भांडं चुलीवरून न उतरवता.
आणि जमलं नाही तर
किल्ली कुठे ठेवलीस, ते दारावर लिहून जा.

दिवा लागला. लाल.
मावशीने अंगठा ठेवला. नाही.
परत. नाही.
तीस वर्षं काजूच्या कारखान्यात टरफलं फोडली,
चिकाने रेषा खाऊन टाकल्यात.
त्याला कुठला ड्रायव्हर लागतो,
ते कुठेच सापडेना.
ओल्या फडक्याने पुसला, पदराने सुकवला,
जरा तिरका, जरा दाबून,
सातव्यांदा यंत्राने तिला ओळखलं.
बाराची फेरी केव्हाच सुटली होती.

"किती झाले?"
"वीस."
"आणि त्या ड्रायव्हरचे?"

मी भिंतीवरच्या दरपत्रकाकडे बघितलं.
झेरॉक्स दोन. रंगीत दहा. दाखला वीस.
मावशीने पिशवीत हात घातला,
मूठभर सुकी तिरफळं काढून
कीबोर्डाशेजारी ठेवली.
"तो आला की दे त्याला," म्हणाली,
"बांगड्यात घाल म्हणावं."